आधी फोक लावा, मग हारा विणा

आयर्लंडच्या पश्चिमेकडचा, पाठीवर वाहायचा हारा उलटा विणतात. आपल्याकडे बुरूड आधी टोपलीचं बूड मांडतो आणि काठ शेवटी वळतो. तिथला शेतकरी विलो नावाच्या झाडाचे जाड फोक मातीत चौकोनात रोवतो. अगदी जमिनीलगत आडवे फोक पिळून हाऱ्याचं तोंड आधी करून घेतो, तिथून भिंती वर चढवतो आणि शेवटी उभ्या फोकांचे शेंडे आत वाकवून बूड बांधतो. मग अख्खा हारा जमिनीतून उपटायचा आणि सुलटा करायचा. मधल्या उंचीवर एक ओळ मुद्दाम न विणता सोडलेली असते, धरायला आणि दोर ओवायला. आयरिश भाषेत या हाऱ्याला ‘क्लीव्ह’ म्हणतात. त्याला टेबल लागत नाही, साचा लागत नाही. एक चाकू आणि स्वतःच्या मालकीची हातभर जमीन असली की झालं.

आयर्लंडच्या शेतांवरच्या हस्तकला कशा टिकवायच्या, या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला या उलट्या हाऱ्यात दिसतं. या कलेचा साचा म्हणजे शेतजमीन, आणि कच्चा मालही त्याच जमिनीचा. त्यामुळे शेती बदलली तेव्हा शेतकऱ्याचे हात रिकामे झाले, आणि हातांच्याही आधी कच्चा माल गेला.

सगळ्यात आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. शेतावर ही कामं करणारे बहुतेक लोक स्वतःला कारागीर म्हणवत नव्हते. विणकर, पिंप बनवणारे, घरं शाकारणारे यांचे वेगळे धंदे होते. बाकीचं ज्याचं त्यानं करायचं. दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटच्या, म्हणजे जळणाच्या मातीच्या, विटा घरी आणायला हारा लागायचा. समुद्रशेवाळ खत म्हणून शेतात टाकायचं तर गाढवाच्या दोन्ही अंगांना टोपल्या लागायच्या, आणि त्यातल्या काहींचं बूड खालून उघडणारं असायचं, म्हणजे गाढव उभं असतानाच माल खाली. उकडलेले बटाटे निथळायला ‘स्किब’ नावाची उथळ, पसरट टोपली असे. तांदूळ धुवायची आपली रोवळी, तिचीच ही चुलत बहीण. भांड्यातले बटाटे त्यात ओतले की पाणी गळून जायचं, मग तीच टोपली रिकाम्या भांड्यावर ठेवून घरातली सगळी माणसं भोवती बसून खायची. चाळण आणि ताट एकच.

गवताच्या किंवा ओटच्या काडाचा दोर वळायचे, तो ‘सूगॉन’. एक जण बसून काड पुरवायचा आणि दुसरा आकडा फिरवत, दोराला पीळ देत, मागे मागे सरकत जायचा. या दोरानं गवताच्या गंजी बांधल्या जात, छपराचं काड जखडलं जाई, खुर्चीची बैठक विणली जाई. मोठी कामं शेजाऱ्यांनी मिळून करायची. त्या पद्धतीला आयरिशमध्ये ‘मेहल’ म्हणतात. आपल्या खेड्यांतल्या सावडीला किंवा इर्जिकीला अगदी जवळचा हा शब्द आहे, पैसे न देता आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे.

मग हे गेलं कशामुळे? लोक आळशी झाले म्हणून नाही. १९४६ पासून खेड्यापाड्यांत वीज पोचू लागली, घोड्या-गाढवांची जागा ट्रॅक्टरनं घेतली, प्लॅस्टिकच्या बादल्या आणि नायलॉनचे दोर आले, १९७३ मध्ये देश युरोपीय आर्थिक समुदायात गेला आणि शेती बाजारासाठी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. ओला हारा पाठीवर घेऊन चिखलातून चालणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलं त्यांना बादली आली याचा आनंदच झाला. हे नीट समजून घेतलं पाहिजे. आज शहरातल्या दिवाणखान्यात जी टोपली शोभेला ठेवतात, ती त्या पिढीला गरिबीची खूण वाटत होती. नातवाला शिकवायचा हट्ट आजोबांनी धरला नाही तो त्यामुळेच.

आता कच्च्या मालाकडे येऊ, कारण गाडी तिथे रुतलेली आहे.

लोकरीचं घ्या. आयर्लंड म्हटलं की डोळ्यांपुढे हिरवी कुरणं, मेंढ्या आणि जाड विणीचा स्वेटर येतो. मेंढ्या खऱ्या, स्वेटरही खरा, पण त्या मेंढीची लोकर त्या स्वेटरात असेलच असं नाही. अंगालगत घालायच्या मऊ कपड्याला जी लोकर लागते तिचा तंतू साधारण २० मायक्रॉनच्या आसपास जाडीचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ती मेरिनो मेंढीची आणि बहुतेक वेळा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधून आलेली. आयर्लंडच्या मेंढ्या मुख्यतः मांसासाठी पाळलेल्या. त्यांचा तंतू तिसाच्या पुढे जातो. धनगरी घोंगडं ज्यानं अंगावर घेतलंय त्याला खरबरीत म्हणजे काय ते सांगायला नको. असली लोकर गालिचे, पांघरुणं, बाहेरून घालायचे कोट यांना उत्तम. पण गालिच्यांत कृत्रिम धागा घुसला आणि भाव कोसळला. अलीकडच्या काही वर्षांत शेतकऱ्याच्या हाती किलोला २० सेंटहूनही कमी पडत होते. एका मेंढीची लोकर भरते दोन-तीन किलो, म्हणजे फार तर साठ सेंट. आणि ती उतरवणाऱ्याची मजुरी मेंढीमागे अडीच युरोच्या घरात. न उतरवावी तर उन्हाळ्यात माश्या लोकरीत अंडी घालतात आणि जिवंत मेंढीच्या अंगात अळ्या पडतात. म्हणजे लोकर हे पीक राहिलंच नाही, ते दरवर्षीचं एक खर्चाचं कलम झालं.

बरं, एखाद्या कुटुंबानं ठरवलं की आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीचं सूत काढून विकायचं, तर पुढची अडचण धुलाईची. अंगावरून उतरलेल्या लोकरीत मेणचट तेल, घाम, माती, काटेकुटे असं बरंच वजन असतं. ती गरम पाण्यात धुवावी लागते, तीही न घुसळता. घुसळली की तंतू एकमेकांत अडकून नमदा होतो. घरच्या टबात दहा-वीस मेंढ्यांची लोकर धुता येते, दोनशेंची नाही. आणि मोठ्या प्रमाणावर लोकर धुणारा कारखाना आयर्लंडमध्ये उरलेलाच नाही. माल समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये जातो, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून त्या फेरीला सीमाशुल्काची कागदपत्रं चिकटली आहेत. सूत कातायला शिकवणारे वर्ग कितीही काढा, मधली ही एक कडी तुटलेली असली की शिकलेल्या माणसाला परदेशी लोकर कातावी लागते. सूत कातणं टिकलं असं म्हणता येईल, पण त्याचा शेताशी संबंध राहिला का?

शाकारणीची कथा याहून विचित्र. आयर्लंडमध्ये घरं ओटच्या, गव्हाच्या काडानं किंवा पाणथळीतल्या वेतासारख्या बोरूनं शाकारतात. काड लांब, सरळ आणि न चेचलेलं हवं. पण आधुनिक गहू बुटका. हरितक्रांतीत आपल्याकडे आला त्याच विचाराचा, म्हणजे ताटात कमी आणि कणसात जास्त, वाऱ्यानं न लोळणारा. त्यात भरपूर नत्र दिलं की काड ठिसूळ होतं, आणि कंबाइन हार्वेस्टरमधून निघेपर्यंत त्याचा चुरा झालेला असतो. शाकारणाऱ्याला काड हवं तर कुणीतरी जुनी उंच जात मुद्दाम पेरायला हवी, नत्र हात आखडून द्यायला हवं, आणि जुन्या रीपर-बाइंडरनं कापून पेंढ्या बांधायला हव्यात. म्हणजे धान्य कमी, कष्ट जास्त. इतकं करणारे थोडे, म्हणून पुष्कळ छपरांवर तुर्कस्तानातून किंवा पूर्व युरोपातून आणलेला बोरू चढतो. छप्पर आयरिश, त्यावरचं गवत परदेशी. घराचे फोटो मात्र छान येतात.

याच्या उलट गंमत आहे ती रश नावाच्या गवताची. आपल्या लव्हाळ्यासारखं, आत पांढरा भेंड असलेलं. हे कमी नाही, नको तितकं आहे. ओलसर, निचरा न होणाऱ्या कुरणात ते माजतं, गुरं खात नाहीत, आणि शेतकरी दरवर्षी ते कापण्यात किंवा मारण्यात पैसे घालवतो. त्यावर मारायचं एमसीपीए हे तणनाशक पिण्याच्या पाण्यात सापडतं, ही वेगळी डोकेदुखी. पण याच गवताची साल सोलून, आतला भेंड चरबीत बुडवून पूर्वी दिवे करत. आणि ३१ जानेवारीच्या संध्याकाळी घरोघर याच गवताचा, ब्रिजिड या आयरिश संत स्त्रीच्या नावाचा क्रूस विणतात. मधे विणलेला चौकोन, चार बाजूंना चार हात. हे गवत कापायचं नसतं, उपटायचं असतं, असा संकेत आहे. १ फेब्रुवारी हा ब्रिजिडचा दिवस, वसंताची सुरुवात; २०२३ पासून त्यासाठी सार्वजनिक सुट्टी मिळते. तेव्हापासून या क्रूसाला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. शेतावरची ही सर्वांत टिकाऊ कला ठरली, कारण कच्चा माल फुकट, हत्यार नाही, वीस मिनिटांत लहान मूलही शिकतं.

या सगळ्यात कुटुंबाच्या आवाक्यातलं, तरी दमदार असं काही असेल तर ते विलो. क्रिकेटची बॅट ज्या कुळातल्या झाडाची, आणि आपल्याकडे ओढ्याकाठी येणारं वाळुंज ज्या कुळातलं, तेच हे. आयर्लंडमध्ये याला ‘सॅली’ म्हणतात आणि पूर्वी पुष्कळ शेतांच्या कोपऱ्यात सॅलीचा एक वाफा असायचाच. लावणं सोपं: हिवाळ्यात वीतभर-दीड वीत लांबीचे तुकडे जमिनीत खुपसायचे. पहिली दोन-तीन वर्षं गवताशी झुंज द्यावी लागते. त्यानंतर दर हिवाळ्यात पानं झडली की सगळे फोक बुडापासून छाटायचे, वसंतात त्याच खुंटातून नवे सरळसोट फोक फुटतात आणि वर्षात माणसाच्या डोक्याच्या वर जातात. हे छाटायचं चुकवून चालत नाही. एक वर्ष राहिलं तर फांद्या फुटतात, आणि फांदी फुटलेला फोक विणायला निकामी.

कापलेल्या फोकांचं पुढं काय करायचं यावर टोपलीचा रंग ठरतो. सालीसकट वाळवले तर ते तपकिरी, हिरवट, जांभळट, जातीप्रमाणे. कापलेले भारे वसंतापर्यंत पाण्यात उभे ठेवून, रस चढू लागल्यावर सोलले तर पांढरे. कित्येक तास उकळून सोलले तर सालीतला टॅनिन लाकडात उतरून बदामी. विणायच्या आधी पुन्हा भिजवायचे, आणि इथे घाई चालत नाही. सालीसकट फोकांचा ढोबळ हिशेब असा की लांबीच्या दर फुटाला एक दिवस. सहा फुटी फोक सहा दिवस पाण्यात, मग ओल्या कापडात गुंडाळून रात्रभर मुरवत ठेवायचे. उद्या टोपली हवी असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हे समजावता समजावता अर्धा दिवस जात असणार.

हे काम पूर्णवेळ करता येतं याचं एक ठळक उदाहरण आहे. जो होगन हे टोपलीकार १९७८ पासून गॉलवे परगण्यात लॉक ना फूई या तलावाकाठी राहून स्वतःच्या वाफ्यातल्या विलोवर काम करत आले. जुने हारे आणि बटाट्यांच्या टोपल्या यांच्यापासून सुरुवात करून ते पुढं झाडांच्या वेड्यावाकड्या लाकडाभोवती विणलेल्या शिल्पांपर्यंत पोचले, आणि २०१८ मध्ये लोएवे या आंतरराष्ट्रीय हस्तकला पुरस्काराच्या अंतिम यादीत आले. पण असं उदाहरण दाखवून प्रत्येक शेतकऱ्याला ‘तुम्हीही करा’ म्हणणं म्हणजे गल्लीतल्या पोराला तेंडुलकर दाखवण्यासारखं आहे.

साधा हिशेब करू. समजा एका चांगल्या हाऱ्याला आठ तास लागले. २०२५ मध्ये आयर्लंडचं किमान वेतन तासाला १३ युरो ५० सेंट होतं. नुसत्या किमान वेतनानंच १०८ युरो झाले. त्यात वाफ्याची निंदणी, छाटणी, जाडी-लांबीप्रमाणे प्रतवारी, भिजवणी, दुकानदाराचा वाटा काहीच धरलेला नाही. शेजारच्या दुकानात प्लॅस्टिकचं घमेलं काही युरोंत मिळतं. कामाची वस्तू म्हणून हारा ही लढाई कधीच हरला. मग तो कलाकृती म्हणून विकायचा, किंवा विणायला शिकवून त्याचे पैसे घ्यायचे. शनिवारी आठ-दहा माणसं शेतावर येतात, दुपारी घरचं सूप आणि सोडा ब्रेड खातात, संध्याकाळी स्वतः केलेली थोडी वाकडी टोपली अभिमानानं घेऊन जातात. कुटुंबाला टोपल्या विकून मिळाले असते त्याहून त्या दिवशी जास्त मिळतात. मला यात कमीपणा वाटत नाही. पण लोकांना शेतावर बोलवायचं म्हटलं की अपघाताचा विमा हवा, आणि आयर्लंडमध्ये हा विमा ही छोट्या व्यावसायिकांची जुनी रड आहे. शिवाय ज्या कोठारात वर्ग घ्यायचा त्याला शौचालय हवं, गाड्या लावायला जागा हवी. कला टिकवायला निघालेलं कुटुंब बघता बघता पाहुणचाराच्या धंद्यात शिरतं.

आणि शेत मुळात किती कमावतं? २०२० च्या कृषिगणनेत आयर्लंडमध्ये १,३५,०३७ शेतं होती, सरासरी ३३.४ हेक्टर, म्हणजे ब्याऐंशी एकरांच्या आसपास. आपल्याला हा आकडा जमीनदारी वाटेल. पण पश्चिमेकडची जमीन ओली आणि दगडाळ. तिथे गुरं-मेंढ्या पाळणाऱ्या लहान शेतांचं सरकारी अनुदान काढून घेतलं तर हातात फारसं काही उरत नाही. घरातलं कुणीतरी बाहेर नोकरी करतंच. शेतमालकांपैकी सुमारे एक तृतीयांश पासष्टी ओलांडलेले. म्हणजे ज्याच्या हाताला येतं त्याचं वय झालेलं आणि ज्याला शिकायचं त्याला नोकरीवरून यायला संध्याकाळचे सहा वाजतात.

ही कोंडी नवी नाही, आणि ती फोडायचे प्रयत्न पूर्वीही झाले. त्यात बायकांचा वाटा मोठा. १९१० मध्ये वेक्सफर्ड परगण्यात सुरू झालेली ग्रामीण स्त्रियांची संघटना पुढे ‘आयरिश कंट्रीवुमेन्स असोसिएशन’ या नावानं देशभर पसरली, आणि १९५४ मध्ये तिनं लाउथ परगण्यात ‘ॲन ग्रीॲनॉन’ हे निवासी शिक्षणकेंद्र उघडलं. तिच्याच एक कार्यकर्त्या म्युरिअल गाहन यांनी १९३० मध्ये डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीनवर ‘कंट्री शॉप’ नावाचं दुकान काढलं. खेड्यातल्या विणकरांचा, टोपलीवाल्यांचा माल शहरातल्या गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचा आणि त्यांना रास्त दाम द्यायचा, एवढं साधं काम. दुकानाला जोडून उपाहारगृहही होतं. हे दुकान १९७८ पर्यंत चाललं. गाहन बाईंना जे उमगलं होतं ते आजच्या कितीतरी योजनांना उमगत नाही: खेड्यातल्या माणसाला आणखी प्रशिक्षण नको असतं, त्याला आठवड्याच्या आठवड्याला माल उचलणारं कुणीतरी हवं असतं.

सरकारी मदत कुठे लागू पडते, याचं एक बरं उदाहरण दगडी बांधांचं आहे. चुना-माती न वापरता नुसते दगड रचून केलेले हे कुंपणबांध पश्चिम आयर्लंडभर आहेत. पश्चिम किनाऱ्यालगतच्या ॲरन बेटांवर तर पुष्कळ शेतांना फाटकच नसतं. मेंढ्या आत घ्यायच्या तर बांधाचा एक ठरलेला तुकडा उतरवायचा आणि मागून पुन्हा रचायचा. २०१५ च्या ग्लास नावाच्या कृषी-पर्यावरण योजनेत असे बांध नीट ठेवण्याचे शेतकऱ्याला पैसे मिळायचे. म्हणजे कलेसाठी वेगळं अनुदान न देता, शेताचा भाग म्हणून तिची किंमत मोजली गेली. २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत कोरड्या दगडरचनेच्या कलेत आयर्लंडचंही नाव जोडलं गेलं. यादीतल्या नावापेक्षा मीटरमागे मिळणारे पैसे बांध जास्त उभे ठेवतात, असं माझं मत.

नावाचा प्रश्न मात्र अगदीच हलका नाही. ॲरन स्वेटरच्या प्रत्येक घराण्याची वेगळी वीण असते आणि बुडालेल्या कोळ्याचं प्रेत त्यावरून ओळखत, ही गोष्ट पर्यटकांना हमखास ऐकवतात. तिला आधार नाही. तिचं मूळ सिंज या आयरिश नाटककाराच्या १९०४ च्या एका नाटकात सापडतं, आणि तिथेही ओळख पटते ती मोज्याच्या टाक्यांवरून. दंतकथा विकली जाते तेव्हा यंत्रावर विणलेला स्वेटरही त्याच दंतकथेच्या जोरावर विकला जातो, आणि हातानं विणणारी बाई मागे पडते. आपल्या पैठणीला किंवा कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, तसं युरोपीय संघात कालपरवापर्यंत फक्त खाद्यपदार्थ आणि शेतमालाला मिळे. हस्तकलांसाठीचा नवा नियम २०२३ मध्ये झाला आणि १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. डोनेगल ट्वीड या लोकरी कापडासारख्या नावांना आता ती वाट मोकळी आहे. पण मानांकन कापड कुठे विणलं ते सांगेल. लोकर कुठल्या कुरणातली, हे त्याच्या नियमावलीत लिहिलं असेल तरच कळेल.

कधी आयर्लंडला गेलात आणि एखाद्या शेतावर टोपली आवडली, तर किंमत विचारण्याआधी फोक कुठले ते विचारा. बाहेरून आणून विकणारा ‘विलोचे’ एवढंच म्हणेल. स्वतः लावणारा तुम्हाला ‘ब्लॅक मॉल’ आणि ‘डिकी मेडोज’ या जातींमधला फरक सांगेल, कोणत्या वर्षी पाऊस लागून राहिला आणि फोक कसे आखूड राहिले ते सांगेल, मग पायात गमबूट चढवून वाफा दाखवायला नेईल. परतीच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा.